उन्हाची खोली

९ नोव्हेंबर

माझे कान तिखट आहेत, यात माझा दोष नाही. काचेच्या धंद्यात कान तयार करावेच लागतात. काचेवर हिऱ्याची रेघ मारली, की ती कुठे नीट गेली आणि कुठे अडखळली हे डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. त्यामुळे आज सकाळी दाढी करता करता स्वयंपाकघरातलं बोलणं मला ऐकू आलं, ते चोरून ऐकणं नव्हे. धंद्याची सवय.

सूनबाई आमच्या हिला दवाखान्यातलं सांगत होती. तिला पीसीओएस आहे हे जुनंच. दोन-दोन महिने पाळी येत नाही, बीज तयार व्हायला लागतं आणि अर्ध्यावर थांबतं. नवीन कळलं ते असं, की रक्तात डी व्हिटॅमिन नऊ निघालंय. हवं तीसच्या वर. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, आधी गोळ्या देऊन ही तूट भरू, चार-पाच किलो वजन उतरवू आणि मार्चमध्ये बीज पिकवायच्या गोळ्या सुरू करू. डी वाढलं म्हणजे मूल होतंच असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, असंही त्या म्हणाल्या म्हणे. पण पाया कच्चा ठेवून वरचा मजला कशाला चढवायचा? बाई मला न भेटताच आवडल्या.

शेवटचं वाक्य सूनबाई अगदी हळू बोलली. "आई, मी एक खेप करीन. मनापासून करीन. नाही झालं, तर मात्र पुन्हा कुणी मला त्या पायऱ्या चढायला लावू नका."

यावर आमची ही काहीच बोलली नाही. हिला गप्प करणारं माणूस मी पस्तीस वर्षांत पाहिलेलं नाही. 

पोरगी तेहतीसची आहे. लग्नाला सहा वर्षं झाली. दुकानाची सगळी कोटेशनं, ड्रॉइंगं, माहितीपत्रकं तीच करते आणि माझ्यापेक्षा चांगली करते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात ती आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली असते. ती खोली मीच बांधून घेतली. खिडकी ठेवली नाही, कारण भिंतीला काचा टेकवायच्या होत्या. म्हणजे साऱ्या गावाला खिडक्या पुरवणाऱ्या माणसाने स्वतःच्या सुनेला एक ठेवली नाही. हे सुचलं तेव्हा वाईट वाटलं, पण लगेच उपायही सुचला. माझं असंच आहे. वाईट वाटून घ्यायला मला फार वेळ मिळत नाही.

१२ नोव्हेंबर

ऊन हवं ना? ऊन आपल्या गच्चीवर पडलेलं आहे. अडचण एवढीच, की आजूबाजूला सहा गॅलऱ्या आहेत आणि त्या सहाही गॅलऱ्यांना दुसरा उद्योग नाही. बाह्या वर करून बाई गच्चीवर बसली, की दुपारपर्यंत सगळ्या वस्तीला आमचं दुखणं पाठ होईल. शिवाय वारा, धूळ, कबुतरं.

तेव्हा काचेची खोली. चार बाजूंना धुरकट काच, म्हणजे आतलं दिसायला नको, आणि वर आरपार स्वच्छ काचेचं छत. आत एक लांब खुर्ची आणि एक टेबल. मिस्त्रीला सांगितलं. हा माणूस दुकानाच्या पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे आणि पहिल्या दिवसापासून मला हसतोय. म्हणाला, "मालक, सूर्याला कोटेशन पाठवलंय का? ऐन वेळी नाही म्हणायचा."

ड्रॉइंग सूनबाईकडेच दिलं. कशासाठी ते सांगितलं नाही, पण तिला कळलं. चेहरा उतरला, लगेच सावरला. मग विचारलंन, वरची बाजू उघडी ठेवली तर? मी म्हटलं, छान, म्हणजे कबुतरांची सोय होईल. ती म्हणाली, पण बाबा, वर काच आली की... आणि थांबली. मी म्हटलं, अगं पैशाचा विचार तू करू नकोस. मग "ठीक आहे, बाबा" म्हणून तिने कागद ओढला. पेन्सिल दोनदा थांबल्याचं मला ऐकू आलं. उताराचा कोन ठरवत असावी.

२ डिसेंबर

खोली उभी राहिली. एवढं सुबक काम मी गेल्या दहा वर्षांत केलेलं नाही. छताला आपल्याकडची सगळ्यात भारी काच घातली, दोन काचांच्या मध्ये पातळ पडदा असलेली. ही मी मोठ्या शोरूमवाल्यांना विकतो. सांगतो, साहेब, उजेड सगळा आत येईल, पण उन्हातली खोडी बाहेरच राहील. दहा वर्षांनी बघा, सोफ्याचा रंग आज आहे तसाच. घरच्यांसाठी घालायची तर हीच घालायची, हलकी कशाला?

संध्याकाळी सूनबाईला बोलावून म्हटलं, आता त्या डीच्या गोळ्या बंद कर. गोळी म्हणजे कारखान्यातलं ऊन. आपल्याकडे अस्सल आहे, घरचं आहे आणि त्याला एक्स्पायरी नाही. रोज अकराला वर जाऊन चाळीस मिनिटं बसायचं. दुकान मी बघतो.

ती सासूकडे बघत होती. सासू भिंतीकडे बघत होती. मग सूनबाई म्हणाली, "बरं, बाबा." गुणाची पोर आहे. माझा शब्द मोडत नाही.

७ डिसेंबर, रविवार

आमच्या हिने अखेर गुडघ्यांकडे लक्ष दिलं. कसलीशी गोळी सुरू केलीय, आठवड्याला एकच, दुधाबरोबर. पाकीट शिवणाच्या डब्यात ठेवलंय. मी विचारलं तेव्हा म्हणाली, गुडघ्यांसाठी आहे, तुम्ही नका लक्ष घालू. रविवारी जेवण झालं की दोघी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात. सासूच्या गोळीला सून सोबत करते. असं घर शोधून सापडायचं नाही.

१५ डिसेंबर

अकरा ते अकरा चाळीस. बसली.

१६ डिसेंबर

बसली. खालून हाक मारून विचारलं, ऊन लागतंय ना? "लागतंय, बाबा."

२८ डिसेंबर

दोघी रोज पहाटे साडेसहाला चालायला जातात. तासभर. आमची ही गुडघ्यांची गोळी घेतेय म्हणून चालू शकते असं मला वाटलं, तर म्हणाली, गुडघे आहेत तसेच दुखतात. मग गोळी बदल की, म्हटलं. माझ्याकडे तिने असं बघितलं, जसं मिस्त्री नवख्या ग्राहकाकडे बघतो.

आज गच्चीच्या जिन्यात मुद्दाम थांबलो नव्हतो, दम लागला होता. आतून सूनबाईचं हसू ऐकू आलं. फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. असं खळखळून हसलेली ती खाली कधी ऐकली नाही. बघा, उन्हाचा गुण. मी दार वाजवून विचारलं, किती मिनिटं झाली? आत एकदम शांत झालं. मग "वीस, बाबा" असं उत्तर आलं.

९ जानेवारी

चिरंजीवांचं एक प्रकरण. डॉक्टरीणबाईंना त्याचीही तपासणी हवी होती. दोन महिन्यांपासून हवी होती. मला हे आज कळलं, आणि तेही आमची ही माझ्यावर घसरली तेव्हा. तिचं म्हणणं, दर गुरुवारी तो दवाखान्यात जायचा असतो आणि दर गुरुवारी मी त्याला बाहेरगावच्या कामावर पाठवतो. आता मला काय माहीत? तोच बुधवारी येऊन विचारायचा, बाबा, उद्या लांबचं काही काम आहे का? मला वाटलं, पोरगा धंद्यात लक्ष घालायला लागला.

खरं लिहायचं तर मलाही ते तपासणीचं रुचलं नाही. आमच्या घरातल्या पुरुषाला कशाला? एवढं मनात आलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. त्या पोरीच्या हाताला सुया टोचून टोचून काळे डाग पडलेत आणि ह्याला एका बाटलीचं ओझं झालंय.

शेवटी काल, गुरुवारी, सूनबाई स्वतःच त्याला गाडीत घालून घेऊन गेली. रिपोर्ट चांगला आला असं ऐकलं. मला कुणी सांगितलं नाही. ऐकलं.

१० फेब्रुवारी

छत्तीस!

नवाचं छत्तीस. वजन पाच किलो खाली. डिसेंबरपासून पाळी तीनदा आली आणि तीही वेळेवर, हे आमच्या हिने मला कानात सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झकास, मार्चमध्ये सुरू करू.

मी दुकानात सगळ्यांना चहा पाजला. कारण सांगितलं नाही, पण खोलीचं कौतुक भरपूर केलं. मिस्त्री म्हणाला, सूर्याने कोटेशन मान्य केलं म्हणायचं.

एक कल्पना आली आहे. अशा खोल्या विकायच्या. किती घरांत हे दुखणं असेल, आणि बायका बिचाऱ्या गोळ्या गिळत बसलेल्या. पंधरा वर्षांचा असताना मी पाठीवर काचा वाहत होतो. आता लोकांच्या गच्चीवर ऊन पोचवीन. नाव शोधायला हवं.

१२ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक! मुख्याध्यापिका. शाळेच्या खिडक्यांसाठी आल्या होत्या. बोलता बोलता कळलं, की त्यांच्या मुलीचंही हेच, पीसीओएस, डी व्हिटॅमिन सात, लग्नाला चार वर्षं. डोळे भरून आले बाईंचे. मी त्यांना वर नेऊन खोली दाखवली, नऊचं छत्तीस झाल्याचं सांगितलं. ती माझी सून हे सांगितलं नाही, "आमच्या नात्यातली एक" असं म्हटलं. त्यांनी विचारलं, मग गोळ्या? मी म्हटलं, आमच्या मुलीने पहिल्या दिवशी बंद केल्या. बाईंनी माझे हात धरले.

सूनबाईला सांगितलं, उद्यापर्यंत कोटेशन दे, आणि आपला नफा निम्मा धर.

१४ फेब्रुवारी

कोटेशन नाही.

१६ फेब्रुवारी

आजही नाही. सहा वर्षांत कधी तिच्या कामाला एक दिवस उशीर झालेला नाही. दुपारी मी आतल्या खोलीत गेलो आणि आवाज चढवला. म्हटलं, बाईंची मुलगी तिकडे वाट बघतेय, तुला तर ते दुःख माहीत आहे, तूच असं करावंस? हे बोलायला नको होतं. बोललो.

ती उठली. दार लावून घेतलं. माझ्यासमोर आमचंच माहितीपत्रक ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्वचा काळवंडवणारे, रंग विटवणारे किरण नव्व्याण्णव टक्के अडवते. ते वाक्य मी रोज दहा वेळा बोलतो.

"बाबा, डी तयार होतं ते त्याच किरणांतल्या काहींनी. साधी काचसुद्धा ते अडवते. ही तर आपली सगळ्यात भारी काच. त्या खोलीत मी वर्षभर बसले तरी नवाचे दहा झाले नसते."

मी म्हटलं, मग छत्तीस?

"आईंची गुडघ्यांची गोळी," ती म्हणाली. "दर रविवारी. ती माझीच होती."

मी माहितीपत्रक उलटं करून पाहिलं. ती पुढे बोलत राहिली. तुमचं मन मोडवलं नाही, म्हणाली. तुम्ही त्या छताची काच स्वतः खांद्यावरून वर नेली होतीत. मी गोळी घेत होते, त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. पण त्या मुलीला चोरून गोळी द्यायला आईंसारखी सासू नसेल, बाबा. ती खरंच बंद करील. ते कोटेशन मी करणार नाही.

मी दुकानातून सरळ निघालो. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. रस्त्यावर आपल्या हातच्या किती खिडक्या आहेत ते मोजत चालत राहिलो.

१७ फेब्रुवारी

आमच्या हिला विचारलं, तू पण? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?"

आयुष्यभर मला एवढं सगळं ऐकू आलं, आणि माझ्याबद्दल घरात हे मत आहे.

रात्रीचं जेवण गेलं नाही. पण एक गोष्ट राहून राहून डोक्यात येते. पोरीला पहिल्याच दिवशी माहीत होतं. वर काच आली की... असं म्हणाली होती. ते वाक्य मीच पुरं होऊ दिलं नाही. आणि त्या मुख्याध्यापिकेच्या मुलीने चार दिवसांपूर्वीच गोळ्या बंद केल्या असतील.

१८ फेब्रुवारी

सकाळी सातलाच मुख्याध्यापिका बाईंच्या घरी गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दारातच सांगितलं, की मी काच विकणारा माणूस आहे आणि माझ्याच काचेबद्दल मला कळत नव्हतं. खोली नको, गोळ्या चालू ठेवा, आठवड्याला एक, डॉक्टर सांगतील तेवढ्याच, जास्तीही नको. आणि उघड्यावर थोडं ऊन मिळालं तर उत्तम.

 बाईंनी माहेरी आलेल्या मुलीला आतून बोलावून घेतलं. खरंच बंद केल्या होत्या. पाकीट फेकायचं तेवढं राहिलं होतं.

निघताना म्हणाल्या, शाळेच्या खिडक्यांचं काम तुम्हीच करा. दुकानदार स्वतः होऊन नको म्हणाला, असं पहिल्यांदाच घडलंय. म्हणजे एक ऑर्डर गेली आणि एक आली. हे मी तिथे बोललो नाही, पण मनात आलं हे खोटं कशाला लिहू?

२२ फेब्रुवारी, रविवार

आज गोळी सगळ्यांच्या देखत घेतली गेली. दार लोटलं नाही.

मी सूनबाईला म्हटलं, उद्या वरचं छत काढतो. निदान ऊन तरी खरं येईल. ती म्हणाली, नको, राहू दे. मला कळेना. मग विचारलं, काही उपयोग नाही हे माहीत होतं तर अडीच महिने तिथे रोज बसत का होतीस?

ती जरा हसली. "तिथे मला कुणी काही विचारत नव्हतं, बाबा." मग थोडं थांबून, "तुम्ही सोडून."

दुपारी मी वर गेलो आणि खोलीच्या दाराला आतून कडी बसवली. कडी बसवायला दहा मिनिटं लागतात. मला तासभर लागला.

आतल्या खोलीच्या भिंतीला टेकवलेल्या काचाही हलवायला सांगितल्यात. तिथे खिडकी पाडायची. उघडणारी.

९ मार्च

बीज पिकवायच्या गोळ्या आजपासून. हे सूनबाईने स्वतः जेवताना सांगितलं, जसं एखादी डिलिव्हरी निघाली हे सांगावं तसं. चिरंजीव तिच्या शेजारी बसला होता. दर वेळी बरोबर जाणार आहे, असं न विचारता म्हणाला. कोटेशनं आता खिडकीशी बसून होतात.

मी काही विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवलंय. हे काम पाठीवर काच वाहण्यापेक्षा जड आहे.

१८ मार्च

आज सोनोग्राफी होती. दोघं परत आली तेव्हा मी दुकानात मोठ्याने रेडिओ लावला, म्हणजे आतलं ऐकू यायला नको. मिस्त्री म्हणाला, मालक, कान दुखतोय का? म्हटलं, हो, दोन्ही.

३१ मार्च

घरात सगळे हळू चालतात. सूनबाईला कुणी पाण्याचा तांब्या उचलू देत नाही. दुकानात ती काचेच्या जवळ आली, की मिस्त्री स्वतः मध्ये जाऊन उभा राहतो. कुणीही कशासाठी ते बोलत नाही. मी तर नाहीच नाही.

६ एप्रिल

शाळेच्या खिडक्यांचा माल आज जायचा होता. एक माणूस आला नाही. सात फुटी काच, दोघांनी धरायची. मिस्त्री टेम्पोत चढलेला. मी एकटाच हातमोजे घालून उभा, आणि आतून सूनबाई आली. दुसऱ्या टोकाला जाऊन तिने मोजे चढवले.

मी म्हटलं, तू नको. मिस्त्रीही वरून ओरडला, ताई, सोडा.

"आज उचलू शकते, बाबा," ती म्हणाली. "आजच उचलू शकते."

मला कळलं.  पण तिने काच उचललीही होती, आणि दोघांनी धरलेली काच एकट्याला सोडता येत नाही. थांबता येत नाही, खाली ठेवता येत नाही, डोळे पुसता येत नाहीत. चालायचंच असतं, एका लयीत, डावा पाय, उजवा पाय. मध्ये ती स्वच्छ काच आणि पलीकडे तिचा चेहरा. रडलेला होता, पण आज सकाळचा, आत्ताचा नव्हे.

चालता चालता तिने सगळं सांगितलं. काल पाळी आली. या खेपेला राहिलं नाही. पण बीज आलं होतं, बाबा, एक, पुरतं मोठं, वेळेवर फुटलं. इतक्या वर्षांत डॉक्टरांना पहिल्यांदा दिसलं. त्या म्हणाल्या, पहिल्याच फेरीत राहणारे थोडेच असतात, आता रस्ता उघडलाय, अजून दोन-तीन फेऱ्या करायला हरकत नाही. मी एकच खेप म्हटलं होतं, ती म्हणाली. ते माझं मीच मोडतेय. मला कुणी सांगितलं म्हणून नाही.

काच टेम्पोच्या फळीला टेकली. मिस्त्रीने दोरी आवळली. तिने मोजे काढून माझ्या हातात दिले.

"उद्यापासून दुसरी फेरी. पुढच्या महिन्यात मी काच उचलायला नसेन, बाबा. माणूस बघून ठेवा."

ती आत गेली. कोटेशनं पडली होती.

मी मिस्त्रीला हाक मारली आणि सांगितलं, एक माणूस बघ. धडधाकट पाहिजे. कायमचा.